जंजिरा संस्थानातील नवाबी सत्तेचा अस्त (१९४८) आणि त्यानंतरचे राजकारण

प्रस्तावना

जंजिरा या नावाभोवती मराठी माणसाच्या मनात जे इतिहासचित्र उभे राहते ते बहुतांशी सतराव्या शतकाचे असते. छत्रपती शिवाजी महाराजांचे अपुरे राहिलेले प्रयत्न, त्या जलदुर्गाला शह देण्यासाठी उभारलेला पद्मदुर्ग, १६८१-८२ च्या मोहिमेत संभाजी महाराजांनी खाडीत घातलेला सेतू आणि तरीही न पडलेला किल्ला, एवढ्यावर हे चित्र पूर्ण होते. राजपुरीच्या धक्क्यावरून होडीने किल्ल्यात जाणाऱ्या प्रवाशालाही हाच इतिहास सांगितला जातो. त्यामुळे ज्या सत्तेला निजामशाही, मोगल, मराठे, पोर्तुगीज आणि इंग्रज या सर्वांच्या काळात टिकाव धरता आला ती सत्ता शेवटी कोणी व कशी संपविली, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. उत्तर मात्र साधे आहे. जानेवारी १९४८ च्या अखेरच्या आठवड्यात महाड आणि आसपासच्या भागातील कार्यकर्ते व संस्थानातील प्रजा यांनी म्हसळा व श्रीवर्धन ही ठाणी ताब्यात घेतली, मुरुडला नवाबास सत्ता सोडावी लागली, आणि ३१ जानेवारी हा दिवस ‘जंजिरा मुक्तिदिन’ म्हणून या तालुक्यांत पाळला जाऊ लागला. त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांत, ८ मार्च १९४८ रोजी, हा मुलूख मुंबई प्रांताच्या कारभाराखाली गेला.

या घटनेला क्रांती म्हणावे की विलीनीकरणाच्या मोठ्या प्रक्रियेतील एक स्थानिक प्रसंग मानावे, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य विषय होय. हा केवळ शब्दांचा वाद नाही. ‘मुक्ती’ आणि ‘विलीनीकरण’ या दोन शब्दांमागे सत्ता कोणी घेतली आणि कोणाच्या हाती सोपविली गेली, याविषयीच्या दोन निराळ्या समजुती आहेत.

संस्थानाची घडण

जंजिरा संस्थानाची भौगोलिक रचना ध्यानात घेतल्याशिवाय १९४८ च्या घटनांचा क्रम उमगत नाही. उत्तरेस कुंडलिकेची म्हणजे रोह्याची खाडी, दक्षिणेस बाणकोटची खाडी, पूर्वेस रोहा व माणगाव हे ब्रिटिश कुलाबा जिल्ह्याचे तालुके आणि पश्चिमेस अरबी समुद्र, अशा चौकटीत हे संस्थान वसलेले होते. राजपुरीची खाडी आत घुसून या मुलखाचे दोन तुकडे करते. उत्तरेच्या तुकड्यात मुरुड, तर दक्षिणेच्या तुकड्यात म्हसळा व श्रीवर्धन. विसाव्या शतकाच्या प्रारंभी संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस मैल आणि १९०१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ८५ हजारांवर होती. प्रजेत हिंदूंचे मोठे बहुमत होते. कोकणी मुसलमानांची संख्या लक्षणीय होती. मात्र ज्यांच्या नावाने हे राज्य ओळखले जाई त्या सिद्दींची संख्या काही शेकड्यांच्या पलीकडे नव्हती. याशिवाय काठेवाडच्या किनाऱ्यावरील जाफराबाद हा एक दूरचा तुकडा अठराव्या शतकापासून सिद्दींच्या ताब्यात होता.

सिद्दींची सत्ता मुळात दर्यावर्दी लष्कराची सत्ता होती. सुरुवातीच्या काळात मृत सरदाराचा मुलगाच गादीवर येईल असा नेम नव्हता. आरमारातील श्रेष्ठ सिद्दी पुढे येई. मोगलांचे आरमार म्हणून मिळालेले महत्त्व, पुढे रायगडचा ताबा आणि दाभोळपर्यंत पसरलेला वचक यांमुळे अठराव्या शतकाच्या प्रारंभी सिद्दी हा कोकणातील एक प्रबळ सत्ताधीश होता. पेशवे घराण्याचा मूळ पुरुष बाळाजी विश्वनाथ हा श्रीवर्धनचा, आणि सिद्दीच्या जाचामुळे तो देशावर गेला ही परंपरा प्रसिद्धच आहे. १७३३ मध्ये रायगड मराठ्यांकडे परत आला आणि १७३६ मध्ये चिमाजी आप्पाने रेवसजवळ सिद्दी साताचा पराभव केला. यानंतर सिद्दींची झेप संपली. राज्य मात्र राहिले. १७९१ मध्ये गादीच्या वादातून एका वारसदाराला पेशव्यांनी सुरतेजवळील सचिनचा मुलूख दिला आणि सिद्दींचे दुसरे एक छोटे संस्थान जन्मास आले.

इंग्रजी अमलात जंजिऱ्याचे स्थान काहीसे अपवादात्मक होते. कोणतीही खंडणी न देणाऱ्या संस्थानांत त्याची गणना होई. १८३४ मध्ये कंपनी सरकारने आपले सार्वभौमत्व जाहीर करून हलक्या नाण्यांबद्दल कुप्रसिद्ध झालेली जंजिऱ्याची टांकसाळ बंद केली, तरी रोजच्या कारभारात हस्तक्षेप जवळजवळ नव्हता. १८७० च्या सुमारास फौजदारी न्यायाची अनागोंदी असह्य झाल्यावर मुरुडला इंग्रज अधिकारी आला. शेजारच्या अलिबागचे आंग्र्यांचे राज्य १८४० मध्ये वारसाअभावी कंपनीने खालसा केले होते. त्या वेळी प्रजेचे मत विचारण्याचा प्रश्नच उद्भवला नव्हता. एकाच किनाऱ्यावरील दोन आरमारी सत्तांपैकी एक कागदावर संपली आणि दुसरी एकशे आठ वर्षांनी लोकांच्या रेट्याने, हा फरक मधल्या काळात लोक या शब्दाला आलेला अर्थ दाखवितो.

संस्थानी कारभार: उजेड आणि अंधार

नवाबी कारभार केवळ जुलमी होता असे चित्र रंगविणे सोपे असले तरी ते अपुरे ठरेल. सर सिद्दी अहमदखान (१८७९-१९२२) यांच्या कारकिर्दीत मुरुडला राजवाडा, शाळा व रुग्णसेवा यांची उभारणी झाली. गारंबीच्या डोंगरातून नळाने आलेले पाणी हे त्या काळी कुलाबा जिल्ह्यातील अनेक गावांना हेवा वाटावा असे होते. त्यांची पत्नी नाझली बेगम ही मुंबईच्या सुधारक फैजी कुटुंबातील. तिची बहीण अतिया फैजी, उर्दू विद्वान शिबली नोमानी आणि कवी इक्बाल यांच्या चरित्रांत जंजिऱ्याचा उल्लेख वारंवार येतो. १९०८ मध्ये नवाब व बेगम यांनी युरोपचा प्रवास केला आणि बेगमेने त्याचे वर्णन उर्दूत लिहून प्रसिद्ध केले. उर्दू वाङ्मयाच्या इतिहासात मुरुडच्या राजवाड्याला जागा आहे. मराठी वाङ्मयाने मात्र त्याची दखल घेतलेली दिसत नाही.

परंतु हा उजेड राजवाड्याच्या आवारापुरता होता. १९२२ मध्ये अहमदखान वारले तेव्हा वारस सिद्दी मुहंमदखान अवघे आठ वर्षांचे होते. १९३३ पर्यंत त्यांची माता कुलसुम बेगम यांनी कारभार पाहिला. याच वर्षांत संस्थानाच्या सीमेपलीकडे कोकण ढवळून निघत होते. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. १९३३ पासून अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेते न कसण्याचा संप पुकारला आणि तो सहा वर्षे चालविला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. खोती हीच कोकणच्या ग्रामीण सत्तेची नाडी होती. खोत सरकारला ठरावीक सारा भरी आणि कुळांकडून त्याच्या कितीतरी पट वसूल करी. वेठ, अर्धेल, नाना तऱ्हेच्या बाबी हे सारे त्यातच आले. जंजिऱ्यातही ही पद्धत होती. विधेयक, संप, सभा, वृत्तपत्रातील टीका या मार्गांनी ब्रिटिश हद्दीतील कुळाला निदान तक्रार करता येत होती. मुरुडच्या हद्दीत कायदेमंडळ नव्हते आणि नवाबाच्या वरचे अपील म्हणजे दूरचा पोलिटिकल एजंट. खाडीच्या एका तीरावर संप आणि दुसऱ्या तीरावर मुजरा, अशी ही विषमता होती.

संस्थानी प्रजेच्या चळवळीला अखिल भारतीय रूप १९२७ मध्ये मुंबईस भरलेल्या देशी राज्य लोक परिषदेने दिले. काँग्रेसने १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनापर्यंत संस्थानांतील लढे स्थानिक प्रजेने स्वबळावर लढावेत असे धोरण ठेवले होते. औंधच्या अधिपतींनी १९३९ मध्ये आपण होऊन सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपविली. पण औंध हा अपवाद होता, आणि औंधमध्येही सत्ता राजाने दिली होती. लोकांनी घेतली नव्हती.

सामीलनामा आणि विलीनीकरण

१९४७ च्या ऑगस्टमध्ये नेमके काय घडले याबद्दल लोकस्मृतीत एक गल्लत आढळते. देश स्वतंत्र झाला पण जंजिरा झाला नाही, नवाबाचा कल पाकिस्तानकडे होता, असे सर्रास सांगितले जाते. यातील पहिले विधान एका अर्थाने खरे आहे, पण तो अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. १५ ऑगस्ट १९४७ पर्यंत भारतीय हद्दीतील जवळजवळ सर्व संस्थानांनी सामीलनाम्यावर सह्या केल्या होत्या. हैदराबाद, काश्मीर आणि जुनागढ व त्याच्या भोवतालची एक-दोन छोटी राज्ये हे त्यातील प्रसिद्ध अपवाद; त्यांत जंजिऱ्याचे नाव येत नाही. मात्र सामीलनाम्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच तीन विषय केंद्राकडे जात होते. पोलीस, न्याय, महसूल, जमीन हे सर्व नवाबाकडेच होते. श्रीवर्धनच्या कुळाच्या दृष्टीने पाहिले तर दिल्लीतील सत्तांतराने त्याच्या दारातील शिपाई बदलला नव्हता. माणगावच्या बाजारात तिरंगा आणि दोन कोस पलीकडे नवाबाचे निशाण, ही विसंगती सामीलनाम्याच्या कलमांनी समजावून सांगता येण्यासारखी नव्हती.

पाकिस्तानविषयीच्या शंकेचे मूळ बहुधा जुनागढमध्ये शोधावे लागते. जुनागढच्या नवाबाने पाकिस्तानात सामील होण्याचा निर्णय जाहीर केल्यावर २५ सप्टेंबर १९४७ रोजी मुंबईत शामळदास गांधींच्या नेतृत्वाखाली ‘आरझी हकूमत’ स्थापन झाली आणि नोव्हेंबरमध्ये जुनागढ भारताच्या ताब्यात आले. जुनागढ किनाऱ्यावरचे, नवाब मुसलमान, प्रजा बहुसंख्य हिंदू, जंजिऱ्याचेही तसेच. त्यात सिद्दींचे जाफराबाद जुनागढच्या मुलखापासून फार दूर नाही. समुद्रमार्गे कराची कोकणाला परकी नव्हती. अशा परिस्थितीत नवाबाच्या प्रत्यक्ष हेतूपेक्षा लोकांना वाटणारी भीती अधिक परिणामकारक ठरली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. आणि जुनागढने केवळ भीतीच दिली नाही, नमुनाही दिला. संस्थानाबाहेर जमावयाचे, लोकांचे सैन्य उभारावयाचे, ठाणी घेत आत जावयाचे आणि हंगामी सरकार जाहीर करावयाचे, ही रीत अवघ्या काही महिन्यांपूर्वी यशस्वी झाली होती.

याच काळात सरदार पटेल व व्ही. पी. मेनन यांच्या संस्थान खात्याचे धोरणही सामीलीकरणाकडून विलीनीकरणाकडे सरकत होते. ओरिसातील नीलगिरी संस्थानात प्रजामंडळ आणि राजा यांच्यात संघर्ष पेटल्यावर नोव्हेंबर १९४७ मध्ये तेथील कारभार सरकारने हाती घेतला आणि डिसेंबरच्या मध्यास ओरिसातील संस्थानिकांनी विलीनीकरणाच्या करारांवर सह्या केल्या. खाली लोकांचे दडपण आणि वर दिल्लीचा करारनामा, हे सूत्र तेथे प्रथम स्पष्ट झाले. दक्षिण महाराष्ट्रातील आठ संस्थानिकांनी मात्र आपले संयुक्त राज्य उभारून विलीनीकरण टाळण्याचा प्रयत्न चालविला होता. जंजिऱ्याच्या नवाबापुढे असा संघ करण्याचाही मार्ग नव्हता. त्याचे शेजारी तिन्ही बाजूंनी मुंबई प्रांताचे तालुके होते.

जानेवारी १९४८

लढ्याचे केंद्र संस्थानाबाहेर, महाडला होते. हे स्वाभाविक होते. १० सप्टेंबर १९४२ रोजी महाडच्या कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला होता आणि त्यात वसंत दाते, कमलाकर दांडेकर यांच्यासारखे कार्यकर्ते हुतात्मा झाले होते. त्या मोर्च्याचे नेते नानासाहेब पुरोहित हे या भागातील सर्वमान्य पुढारी होते. भूमिगत चळवळीचा अनुभव, गावोगावची ओळख आणि कचेरी ही ताब्यात घेता येण्यासारखी वस्तू आहे ही जाणीव, एवढे भांडवल १९४२ ने महाडकरांना दिले होते. त्यांच्यासमवेत तरुणांच्या लोकसेनेची बांधणी करणाऱ्यांत मोहन धारिया होते. रायगडाच्या वाटेवरील नाते गावी १४ फेब्रुवारी १९२५ रोजी जन्मलेल्या धारियांनी त्या वेळी वयाची तेवीस वर्षेही पूर्ण केली नव्हती.

मोहिमेची दिशा भूगोलाने ठरविली. तीनशे वर्षे जंजिऱ्यावर चालून जाणाऱ्या प्रत्येकाने समुद्र आणि किल्ला यांच्याशी झुंज घेतली होती. १९४८ च्या लोकसेनेला किल्ल्याशी काही कर्तव्य नव्हते. नवाब मुरुडच्या राजवाड्यात राहत होता, महसूल तालुक्याच्या कचेरीत जमा होत होता आणि सत्ता म्हणजे ठाणे, खजिना व दप्तर हे समीकरण झाले होते. म्हणून आधी घाटवाटेने जवळ असलेले म्हसळा, तेथून किनाऱ्यावरचे श्रीवर्धन आणि मग राजपुरीच्या खाडीपलीकडचे मुरुड हा क्रम स्वाभाविक होता. दक्षिणेकडील दोन्ही ठाणी हातची गेल्यावर नवाबाकडे खाडीच्या उत्तरेचा तुकडा तेवढा उरला. ज्या खाडीने एके काळी सिद्दींचे रक्षण केले तिनेच आता त्यांचे राज्य दुभंगले. लढाई म्हणण्याजोगा संग्राम झाला नाही. त्यामुळे घटनेचे महत्त्व कमी होत नाही. ज्या सत्तेसाठी कोणी लढावयास उभे राहत नाही ती सत्ता आतून किती पोकळ झाली होती एवढेच त्यावरून कळते.

कार्यकर्त्यांनी हंगामी लोकसरकार स्थापन केले आणि धारियांकडेही त्यात जबाबदारी आली. ‘प्रतिसरकार’ हा शब्द साताऱ्याच्या चळवळीने १९४३ नंतर महाराष्ट्राच्या परिचयाचा केला होता. साताऱ्याचे प्रतिसरकार इंग्रजी सत्तेच्या समांतर, लपून चालले. जंजिऱ्यातील हंगामी सरकार उघडपणे कचेरीत बसले. पण एक मूलभूत भेद आणखी आहे. जगातील बहुतेक क्रांत्यांनी राजा घालविल्यानंतर नवे राज्य टिकविण्याची धडपड केली. १९१७ च्या रशियात झार गेल्यावर हंगामी सरकार आणि सोव्हिएत यांच्यात सत्तेसाठी ओढाताण झाली. जंजिऱ्यातील हंगामी सरकारला असे टिकावयाचेच नव्हते. शक्य तितक्या लवकर स्वतः संपून जाणे, हाच त्याचा जाहीर हेतू होता.

३० जानेवारीच्या सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. जंजिऱ्याच्या मुक्तीचा दिवस उजाडला तो या बातमीसह. देशाच्या वृत्तपत्रांत त्या दिवशी अन्य कशालाही जागा उरणे शक्य नव्हते, आणि एका छोट्या संस्थानाच्या अंताची वार्ता त्या शोकात बुडून गेली यात नवल नाही. हे केवळ योगायोगाचे दुर्दैव नव्हे. पुढील काही दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या टापूत जाळपोळ उसळली आणि दक्षिणी संस्थानांतील कायदा-सुव्यवस्था कोलमडली. संयुक्त राज्याची योजना तेथेच मोडली. फेब्रुवारीत एकामागून एक संस्थानिकांनी विलीनीकरण स्वीकारले आणि ८ मार्च रोजी सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, अक्कलकोट, जत या राज्यांबरोबर जंजिऱ्याचाही ताबा मुंबई सरकारने घेतला. परिणामी शासकीय दप्तरात जंजिऱ्याची नोंद ‘दख्खनची संस्थाने’ या एका मोठ्या गठ्ठ्यात झाली. इतर ठिकाणी राजाने सही केली म्हणून सत्ता गेली; येथे सत्ता गेली होती म्हणून सही झाली. हा क्रमाचा भेद दप्तराने नोंदविला नाही. विलीनीकरणाचा इतिहास दिल्लीच्या कागदपत्रांवरून लिहिण्याची जी प्रथा पडली तिने जंजिऱ्यातील लोकांचे कर्तृत्व पुसट केले, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

सत्ता कोणाकडे गेली

विलीनीकरणाने नवाबाचे राज्य गेले, संपत्ती गेली नाही. संस्थानिकांशी झालेल्या करारांच्या सर्वसाधारण चौकटीत तनखा, खासगी मालमत्ता, किताब आणि वैयक्तिक मानमरातब यांची हमी होती. जंजिऱ्याचा नवाबही याच चौकटीत आला. मुरुडचा राजवाडा कुटुंबाकडे राहिला. पदच्युत राजाला शासनाने पेन्शन द्यावी आणि ती घटनेत नमूद करावी, हा प्रकार क्रांतीच्या इतिहासात विरळाच. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे व किताब रद्द झाले. सिद्दी मुहंमदखान १९७२ मध्ये निवर्तले.

प्रशासनाची घडी बसण्यास थोडा अवधी लागला. प्रारंभी मुंबई सरकारने केंद्राकडून मिळालेल्या अधिकारान्वये हा मुलूख चालविला. १ ऑगस्ट १९४९ पासून तो कायद्याने प्रांताचा भाग झाला आणि १९५० च्या विलीन संस्थाने कायद्याने मुंबईचे कायदे येथे सरसकट लागू झाले. मुरुड, श्रीवर्धन व म्हसळा कुलाबा जिल्ह्यात आले. भोरच्या पंत सचिवांचा सुधागडही त्याच जिल्ह्यात आला. जाफराबाद मात्र काठेवाडकडे राहिले आणि पुढे गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात गेले.

परंतु कुळाच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा होता. नवाब गेला, खोताचे काय? या प्रश्नाचे उत्तर जानेवारी १९४८ मध्ये मिळाले नाही. मुंबई विधिमंडळाने खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये केला खरा. परंतु जंजिरा व भोर या विलीन मुलखांतील खोती संपविण्यासाठी १९५३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणजे ज्या सत्तेशी शिवाजी महाराजांपासून चिमाजी आप्पापर्यंत सारे झुंजले ती आठवड्यात गेली, आणि गावातला खोत त्यानंतर आणखी पाच वर्षे टिकला. कुळकायद्यानुसार जमीन कसणाऱ्याच्या नावे होण्याचा दिवस, १ एप्रिल १९५७, त्याच्याही पुढचा. या बदलाचे श्रेय लोकसेनेला देता येणार नाही आणि नाकारताही येणार नाही. नवाबी हद्द उठली नसती तर हे कायदे खाडी ओलांडून आले नसते. पण ते आले विधिमंडळातून, आणि त्यामागे चरीच्या संपाची व आंबेडकरांच्या विधेयकाची परंपरा होती. खोतांमध्ये ब्राह्मण, मराठा, प्रभू आणि मुसलमान असे सर्वच होते, ही गोष्टही येथे महत्त्वाची आहे. जंजिऱ्याच्या लढ्याला केवळ हिंदू प्रजा विरुद्ध मुसलमान राजा असे रूप देणारी मांडणी नवाबापाशी थांबते आणि खोताकडे पाहत नाही, हा तिचा मुख्य दोष होय.

लढ्यातील तरुणांचा पुढील प्रवासही उद्बोधक आहे. मोहन धारिया समाजवादी विचारसरणीतून काँग्रेसमध्ये आले, १९६४ मध्ये राज्यसभेवर आणि १९७१ मध्ये पुण्यातून लोकसभेवर निवडून गेले. केंद्रात राज्यमंत्री असताना जयप्रकाश नारायण यांच्याशी सरकारने संवाद साधावा असा आग्रह धरल्याबद्दल १९७५ मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. १९७७ मध्ये ते जनता सरकारात वाणिज्यमंत्री झाले. उतारवयात ‘वनराई’च्या कार्यात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. नवाबाची कचेरी ताब्यात घेणारा तरुण पुढे स्वकीयांच्याच सरकारला बोल लावण्यास कचरला नाही, हे त्याच्या राजकीय घडणीशी सुसंगत होते.

संस्थानी भूतकाळाचे सर्वांत अनपेक्षित फळ मात्र मतपेटीतून आले. १९४८ नंतर येथील कोकणी मुसलमान समाजाचे राजकीय स्थान काय राहील, याविषयी शंका वाटणे साहजिक होते. जो राजा गेला तो त्यांच्या धर्माचा होता; जुनागढ आणि हैदराबादच्या घटना ताज्या होत्या. असे असता १९६२ मध्ये श्रीवर्धन मतदारसंघाने विधानसभेवर पाठविले ते आंबेत या जवळच्याच गावचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांना, आणि मग वारंवार त्यांनाच निवडून दिले. ज्या श्रीवर्धनातून बाळाजी विश्वनाथ सिद्दीला कंटाळून बाहेर पडला आणि ज्या श्रीवर्धनचे ठाणे लोकसेनेने नवाबाकडून घेतले, त्या श्रीवर्धनच्या बहुसंख्य हिंदू मतदारांनी एका मुसलमान उमेदवाराला आपला प्रतिनिधी मानले. जातीय संघर्षाच्या चौकटीत १९४८ कडे पाहणाऱ्यांना या मतदानाचा उलगडा करणे कठीण जाते. नवाबाच्या जागी धर्म नव्हे, तर मतदार आला होता.

जून १९८० मध्ये अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्या पदावर आलेले ते पहिले मुसलमान. त्यांच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९८१ रोजी, कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून ‘रायगड’ ठेवण्यात आले. कुलाबा हे आंग्र्यांच्या किल्ल्याचे नाव होते. रायगड ही शिवछत्रपतींची राजधानी, आणि १७३३ पर्यंत काही दशके सिद्दींच्या ताब्यात राहिलेला किल्ला. फणसाड येथील नवाबाचे शिकारीचे रान १९८६ मध्ये वन्यजीव अभयारण्य झाले. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे. मुरुड, म्हसळा व श्रीवर्धन येथे मुक्तिदिन पाळला जातो तो ३१ जानेवारीला, हुतात्मा दिनाच्या दुसऱ्या दिवशी.